न आलेली फाईल : चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्याचे प्रकरण

१६ जानेवारी १९५६, सोमवार. संध्याकाळी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आकाशवाणीवरून बोलले. विदर्भासह महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. गिरगाव, लालबाग, परळ, दादर रस्त्यावर आले. गोळीबार सुरू झाला आणि आठवडाभर शहर शांत झाले नाही.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, १९ जानेवारीला, रेडिओवर पुन्हा एक मोठी घोषणा झाली. या वेळी बोलत होते अर्थमंत्री. देशातला आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकार वटहुकूम काढून ताब्यात घेत आहे, असे त्यांनी सांगितले. भारतीय १५४ कंपन्या, परदेशी १६ आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्था. त्यांतल्या कित्येकांच्या कचेऱ्या मुंबईच्या फोर्टात होत्या, गोळ्या झाडल्या जात होत्या त्याच शहरात. बोलणारे अर्थमंत्री होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचे, लोकसभेतला मतदारसंघ कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा.

रेडिओवरच्या या दोन घोषणा आणि मधले तीन दिवस मी स्पर्धापरीक्षेच्या मुलांसमोर प्रकरण अभ्यास म्हणून ठेवतो. आपल्याकडे चिंतामणरावांची आठवण निघते ती एका ओळीत: मुंबईसाठी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला. अभिमानाची ओळ आहे आणि अगदीच खोटीही नाही. पण राजीनामा फेकला असे काही झालेच नाही. तो जानेवारीत दिला गेला, जुलैत मंजूर झाला आणि २५ जुलै १९५६ ला लोकसभेत त्याची कारणे सांगितली गेली. त्या निवेदनात मुंबई आहेच, पण तिच्याइतकीच जागा एका फाईलने घेतली आहे, जी मंत्रिमंडळापुढे कधी आलीच नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे आणि तो समजायला माणूस कुठल्या मुशीतून आला होता ते आधी पाहावे लागते.

टिपणीवर वाढलेला माणूस

बुद्धिमत्तेच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या भराभर सांगतो. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान, त्यातही वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक. १९१८ साली लंडनला झालेल्या आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वोच्च सनदी सेवेच्या, परीक्षेत पुन्हा पहिले.

नेमणूक मिळाली मध्य प्रांत व वऱ्हाडात. पुढची जवळपास वीस वर्षे या माणसाने जिल्हा, जमाबंदी (शेतसाऱ्याची आकारणी) आणि नागपूरचे सचिवालय पाहिले. मधे १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात लंडनला काम केले. नंतर प्रांताच्या वित्त खात्याचे सचिव झाले. १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आले, दोन वर्षांत डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्‌स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीत बँकेची जिंदगी वाटायची आणि वर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहायचे, हे अवघड दिव्य त्यांच्याच काळात पार पडले. १ जानेवारी १९४९ ला बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

मुलांना मी इथे थोडे थांबवतो. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या अंगात काय मुरते? आपण त्याला लाल फीत म्हणून हिणवतो, पण तिच्या आत एक नीती असते. खालचा कारकून टिपणी मांडतो. वरचा त्यात भर घालतो किंवा विरोध नोंदवतो. दुसऱ्या खात्याचा संबंध असेल तर कागद अभिप्रायाला तिकडे जातो. आणि शेवटी सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत, कोणाचा विरोध डावलतो आहोत, हे त्याच पानावर दिसत असते. निर्णय चुकला तरी तो कोणी, कधी, काय माहीत असताना घेतला ते मागाहून शोधता येते. जमाबंदीच्या कामात तर याचा कस लागतो. गावोगावच्या जमिनीची प्रत, पीक, आधीचा सारा पाहून आकारणी ठरते आणि त्या आकड्याखाली खेडुताची पुढची दोन-तीन दशके दबलेली असतात. तिथे 'मला वाटले म्हणून' असा शेरा चालत नाही.

चिंतामणरावांची ही बैठक पक्की होती. पुढे मंत्री झाले तरी ती मोडली नाही आणि राजीनाम्याचे निवेदन वाचताना ती ओळीओळीत दिसते.

ती खुर्ची कशी मिळाली होती

राजकारणात ते स्वतःहून शिरले नाहीत, बोलावून नेले गेले. मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, त्याचे ते सदस्य होते. लगेच दोन-तीन महिन्यांत अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. मथाईंच्या तक्रारींतली एक मोठी तक्रार अशी की नियोजन आयोग म्हणजे समांतर मंत्रिमंडळ होऊ लागले आहे आणि अर्थ खात्याचा अधिकार त्यामुळे झिजतो आहे. मथाईंच्या जागी नेहरूंनी आणले ते त्याच आयोगातल्या देशमुखांना.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्या निवेदनात हिंदू कोड बिल आहे, परराष्ट्र धोरण आहे, अनुसूचित जातींची उपेक्षा आहे. आणि आणखी एक मुद्दा आहे जो आपण सहसा वाचत नाही: निर्णय समित्यांत आधीच होतात, मंत्रिमंडळ म्हणजे ते नोंदवून घेणारी कचेरी झाली आहे.

म्हणजे देशमुख धरून सहा वर्षांत हे तीन मंत्री गेले. तिघांची कारणे निरनिराळी, पण एक धागा तिघांच्याही तक्रारीत सापडतो. मुंबईचा प्रश्न नसता तरी ही ओळ नजरेत भरली असती. १९५६ च्या प्रकरणाकडे केवळ महाराष्ट्राचा भावनिक उद्रेक म्हणून पाहणाऱ्यांना मी एवढेच सुचवतो की मथाई मल्याळी होते आणि त्यांच्या भांडणात मुंबई कुठेच नव्हती.

१९५२ साली चिंतामणराव काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून निवडून आले. तुरुंगात गेलेले नाहीत, इंग्रजांनी १९४४ साली 'सर' केलेले, पक्षात ना गट ना शाखा. त्यांची सगळी ताकद कामात होती. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. कंपनी कायद्याचे अवाढव्य विधेयक त्यांनी लोकसभेत कलमागून कलम लढवले. पंतप्रधानांशी संबंध नुसते कामापुरते नव्हते. २२ जानेवारी १९५३ ला चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांचा नोंदणी विवाह झाला तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत स्वतः नेहरू होते. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या, नियोजन आयोगावर काम केलेल्या, स्वतःच्या कर्तृत्वाने उभ्या. अशा घरोब्याच्या माणसावर साडेतीन वर्षांनी भर लोकसभेत आरोप ठेवायचे होते. हे सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

मुंबईचा गुंता

राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्ये नेमला गेला: फाजल अली, हृदयनाथ कुंझरू, के. एम. पणिक्कर. सप्टेंबर १९५५ अखेर अहवाल आला. आंध्राला, कन्नड भाषकांना, मल्याळी भाषकांना भाषेच्या पायावर राज्य आणि मराठीला मात्र दोन तुकडे: विदर्भ स्वतंत्र, उरलेला मराठी मुलूख गुजरातबरोबर द्विभाषिकात. महाराष्ट्रात हे कोणालाच पटले नाही. मग काँग्रेसश्रेष्ठींनी नोव्हेंबरात तीन राज्यांचे सूत्र काढले: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहराचे वेगळे राज्य. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. त्या जागेला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. आणि १६ जानेवारीला ते रेडिओवरचे भाषण.

दिल्लीच्या बाजूने पाहायचे तर तिची भीती पोकळ नव्हती. मुंबईचा कापड धंदा, शेअर बाजार, बंदर यांत गुजराती, पारशी, मारवाडी भांडवल मोठे. ते बिथरले तर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर देशाला परवडणारे नव्हते. भाषावार राज्यांचा विचार करायला नेमलेला १९४८ चा दार आयोग आणि काँग्रेसची नेहरू-पटेल-पट्टाभी समिती या दोघांनीही मुंबईबद्दल सावध सूर लावला होता. फाळणी होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, आणखी तुकडे या शब्दानेच नेहरूंच्या अंगावर काटा येत असणार. हे सगळे मान्य करून मी मुलांना विचारतो: मग ही भीती मंत्रिमंडळापुढे मांडायला काय हरकत होती? अर्थमंत्र्याला मुंबईच्या भांडवलाची माहिती पंतप्रधानांपेक्षा कमी नव्हती. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर म्हणून तो सहा वर्षे त्याच शहरात बसला होता.

घडले ते असे. भाषावार राज्यांच्या वाटाघाटींसाठी काँग्रेस कार्यकारिणीने नेहरू, गोविंद वल्लभ पंत, मौलाना आझाद आणि पक्षाध्यक्ष ढेबर यांची समिती नेमली होती. म्हणजे पक्षाची समिती. तिच्यात तिघे केंद्रीय मंत्री असल्याने पक्षाचा निर्णय कुठे संपतो आणि सरकारचा कुठे सुरू होतो हे पुसट झाले. घरातली चार वडीलधारी माणसे ओसरीवर बसून ठरवतात आणि बाकीच्यांना ते जेवताना कळते, तसा हा कारभार. घरात तो चालतोही. पण संविधानाच्या ७५ व्या कलमाने मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. जे ठरवताना मला विचारले नाही, त्याची जबाबदारी माझ्या माथी कशी? अर्थमंत्री देशमुखांचा प्रश्न इतका साधा होता.

सहा महिने का थांबले?

गेल्या वर्षी एका मुलीने हा प्रश्न थेट टाकला. 'सर, जानेवारीत माणसे मेली. राजीनामा जानेवारीतच लिहिला म्हणता. मग जुलैपर्यंत मंत्री कसे राहिले?' वर्ग एकदम गप्प झाला. हाच प्रश्न मला स्वतःला कित्येक वर्षे छळत आला आहे.

जानेवारीत राजीनामा दिला गेला हे खरे. नेहरूंनी आणि पंतांनी तो धरून ठेवला, समजूत घातली, मार्ग निघेल असे सांगितले. तेव्हा चिंतामणरावांच्या टेबलावर काय काय होते ते पाहा. विम्याचा वटहुकूम नुकताच निघाला होता. तो कायद्यात बदलायचा होता आणि अडीचशे संस्थांची एक संस्था करायची होती. त्या कामाची तयारी मूठभर अधिकाऱ्यांनी कमालीच्या गुप्ततेत केली होती, कारण आधी कुणकुण लागली असती तर कंपन्यांतला पैसा रातोरात हलला असता. अर्थमंत्रीच निघून गेला तर विमेदारांच्या पैशांचे काय होणार अशी आवई उठायला वेळ लागला नसता. २९ फेब्रुवारीला अंदाजपत्रक मांडायचे होते. १ एप्रिलला नवा कंपनी कायदा अमलात येत होता. दुसरी पंचवार्षिक योजना त्याच दिवसांत सुरू होत होती आणि तिच्या पैशांचा मेळ अजून बसायचा होता.

मुरलेला अधिकारी चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. बदलीचा हुकूम हातात पडला तरी हाताखालची कामे मार्गी लावतो, किल्ल्या मोजून देतो, मगच निघतो. मला वाटते चिंतामणरावांच्या थांबण्यात हा भाग मोठा होता. फेब्रुवारीचे अंदाजपत्रक होईपर्यंतच्या थांबण्यावर मी आक्षेप घेणार नाही. देशाचा जमाखर्च अधांतरी टाकणे हा निषेधाचा बरा मार्ग नव्हे.

एप्रिल-मे मात्र मला अवघड जातात. तोपर्यंत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती, एस. एम. जोशी, डांगे, अत्रे गावोगाव फिरत होते आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई गोळीबाराच्या चौकशीला नकार देत होते. या काळात अर्थमंत्र्याचे मौन महाराष्ट्राला टोचत होते आणि ते टोचणे बरोबर होते. आतून समजूत काढता येईल ही त्यांची आशा प्रामाणिक असेल. पण रस्त्यावर ज्याचे माणूस गेले त्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही. मी त्या मुलीला हेच सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले नाही आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नव्हता.

३ जून १९५६ ला तीही आशा संपली. काँग्रेस महासमितीच्या बैठकीसाठी मुंबईत आलेल्या नेहरूंनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील, पुढचे नंतर पाहू. तेव्हा महाराष्ट्र काँग्रेसमधल्या बहुतेकांनी पक्षशिस्त पाळली. यशवंतराव चव्हाणांनी तर आधीच फलटणला नेहरू की संयुक्त महाराष्ट्र या पेचात नेहरूंची निवड केली होती. त्यांचे राजकारण लांब पल्ल्याचे होते आणि चार वर्षांनी फळाला आले, त्याला मी कमी लेखत नाही. पण चिंतामणरावांकडे त्यांच्यासारखा पक्ष नव्हता, कार्यकर्ते नव्हते, पुन्हा बाजी मारायला पट नव्हता. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, सही. ती त्यांनी काढून घेतली.

२५ जुलैचे निवेदन

निवेदनातले मुद्दे तीन थरांचे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत असे मला वाटते.

पहिला थर कार्यपद्धतीचा. मुंबई केंद्रशासित करण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे चर्चेला आला नाही. टिपण फिरवूनही कोणाचे मत घेतले नाही. ज्या मंत्र्याचा या विषयाशी उघड संबंध आहे, म्हणजे त्यांचा स्वतःचा, त्यालाही वेगळे बोलावून विचारले नाही. मंत्रिमंडळाच्या एखाद्या समितीची बैठक झाल्याची नोंदसुद्धा नाही. आणि तथाकथित निर्णयाचा अधिकृत मसुदा आजतागायत मंत्र्यांच्या हाती पडलेला नाही. हे सगळे बेफिकीर आणि घटनाबाह्य रीतीने चालले आहे, मंत्रिमंडळाच्या नावाने निर्णय जाहीर करणाऱ्यांना तसा अधिकार नव्हता आणि त्यांत पंतप्रधानही आले, असे ते म्हणाले.

हा परिच्छेद मी वर्गात सावकाश वाचतो. त्यात 'मुंबई आमची' कुठेही नाही. बैठक, फिरवलेले टिपण, वैयक्तिक विचारणा, समितीची नोंद, मसुदा. निर्णय रीतसर होण्याच्या जितक्या वाटा असू शकतात तितक्या एकेक करून तपासल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे 'नाही' लिहिले आहे. जमाबंदीच्या अधिकाऱ्याने शिवार पायी फिरून केलेला पंचनामाच आहे तो. मी मराठी, संस्कृत, इंग्रजीत उत्तम वक्तृत्व वाचले आहे, पण इतक्या कोरड्या यादीने इतका मोठा घाव घातलेला क्वचित पाहिला.

दुसरा थर गोळीबाराचा. इतकी माणसे पोलिसांच्या गोळीने मरतात आणि न्यायालयीन चौकशी होत नाही, हे लोकशाही सरकारला शोभत नाही, ही त्यांची भूमिका होती. यातही अधिकाऱ्याची नजर आहे. इंग्रजी अमदानीतसुद्धा गोळी चालली की कोणाच्या हुकमाने, किती फैरी, काय कारण याचा हिशेब द्यावा लागे. स्वतंत्र भारतात तो मागणाऱ्यावरच संशय घेतला जात होता.

तिसरा थर सगळ्यांत गाजला. चौकशीच्या या नकारामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे असे त्यांनी म्हटले. महाराष्ट्राने हे वाक्य उचलून धरले आणि चिंतामणरावांना कंठमणी केले. माझे मत इथे जरा वेगळे आहे आणि ते मराठी माणसाला रुचणार नाही याची मला जाणीव आहे. पहिले दोन आरोप कागदाने सिद्ध होतात. आकस हा मनातला भाव. तो फाईलमध्ये सापडत नाही. जो माणूस आयुष्यभर पुराव्यापलीकडे एक पाऊल टाकत नसे त्याने इथे ते टाकले. त्यामुळे नेहरूंना उत्तर देणे सोपे गेले. आपल्या मनात कोणताही आकस नाही असे ते म्हणू शकले आणि पंतप्रधानाला सरकारचे धोरण जाहीर करण्याचा अधिकार असतो असे सांगून त्यांनी पहिला आरोपही बाजूला सारला. वाद नेहरूंच्या मनाभोवती फिरू लागला आणि न आलेल्या फाईलचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

पण ते वाक्य कोणत्या माणसाच्या तोंडून, कोणत्या सहा महिन्यांनंतर आले हेही विसरता येत नाही. कुलाब्याच्या खासदाराचे मतदार नोकरीधंद्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत आणि चाळींत राहत होते. त्या गोळ्या कोणा परक्यांना लागल्या नव्हत्या.

पुढे काय झाले

घटना वेगाने घडल्या. ऑगस्टमध्ये लोकसभेत वारे फिरले, मुंबईसह विशाल द्विभाषिक राज्याचा तोडगा पुढे आला आणि केंद्रशासित मुंबईची कल्पना मागे पडली. त्यावरून अहमदाबाद पेटले, महागुजरातची चळवळ उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला यशवंतराव चव्हाण त्या द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. राजीनाम्यामुळे हे झाले असे मी म्हणणार नाही, ते १०६ हुतात्म्यांमुळे आणि लाखोंच्या चळवळीमुळे झाले. राजीनाम्याने एवढे केले की या मागणीला गुंडगिरी म्हणून झटकणे दिल्लीला अशक्य झाले. देशाचा अर्थमंत्री गुंड कसा असेल?

चिंतामणराव चळवळीचे पुढारी झाले नाहीत. सभा गाजवल्या नाहीत, पक्ष काढला नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत ते काम पाहिले. ज्या सरकारवर इतका जळजळीत आरोप केला त्याच सरकारने त्यांना हे काम दिले आणि त्यांनी ते घेतले, यात त्या काळातल्या माणसांचा मोठेपणा आहे, दोन्ही बाजूंचा. १९५९ साली शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे राहिले. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या गाजलेल्या लढतीत ते तिसरे, १,१२,७६९ मतमूल्याचे धनी. ठाण्यात महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आज त्यांच्या नावाने चालते, तिथून मुले यूपीएससीला बसतात.

या प्रकरणात आणखी दोन माजी अधिकारी आहेत, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय मी तास संपवत नाही. मुंबईत गोळीबार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे १९३० पर्यंत मुंबई इलाख्याचे डेप्युटी कलेक्टर होते, राजीनामा देऊन चळवळीत आलेले. आणि विम्याचा तो गुप्त वटहुकूम तयार करताना देशमुखांचे वित्त सचिव होते आयसीएस एच. एम. पटेल. १९७७ साली मोरारजी पंतप्रधान झाले आणि पटेल त्यांचे अर्थमंत्री.

दोन वर्षांआधी, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. मंत्रिमंडळाला बोलावले गेले दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला. सही आधी झाली, बैठक मागून. १९७८ साली मोरारजींच्या सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिने ३५२ व्या कलमात एक अट घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीचा जाहीरनामा काढू नये. संविधानाच्या कलमांत 'मंत्रिमंडळ' या अर्थाने 'कॅबिनेट' हा शब्द पहिल्यांदा आला तो इथे, 'लेखी' या शब्दाच्या शेजारी. चिंतामणराव तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते.